हळकुंड बांधलेल्या बायका

जालना
सोमवार, १४ जुलै

सोमेश्वर यांना,

पुढं 'सप्रेम नमस्कार' लिहावं का दुसरं काही, याच्या विचारात चहा थंड झाला, म्हणून ते सोडून दिलं. नाव मात्र लिहिलं. एकोणीस वर्षांत उखाण्याबिगर कधी घेतलं न्हाई, पण नुसतं 'अहो' लिहिलं तर भारतभाऊंना वाटायचं, त्यांनाच लिहिलंय.

मी हे कागदावर लिहून राह्यले, मंग आपली साधना फोटो काढून भारतभाऊंच्या मोबाईलवर टाकणार. ते टेंभुर्णीचे भारतभाऊ मस्कतला तुमच्याच भागात कामाला आहेत आणि शुक्रवारी तुमची गाठ पडते, हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. तुमचा नंबर दोन वर्षांपासून बंद. शेवटच्या फोनात 'माझ्या नावानं थांबू नको' म्हणालात, तेवढीच तुमची ठेव माझ्याजवळ आहे. आता त्यांच्या बायकोकडूनच कळतं की तुम्ही मालकाचं काम सोडून पळालात, पासपोर्ट त्याच्याकडंच राह्यला, व्हिसा संपला, आणि पोलिसाची गाडी दिसली की गल्ली बदलता. खरं असंल तर मला ते दुसऱ्याच्या बायकोकडून का कळावं? जाऊ द्या. भांडायला बसले तर वही पुरायची न्हाई.

लिहायचं कारण वेगळंच आहे. आपल्या सराफ्यातल्या बंगाल्याला परवा उचलून नेलं.

तुम्हाला आठवत असंल. जिन्याखाली माझी फॉल-पिकोची मशीन, आणि भिंतीला भिंत लागून त्याचं खोपटं. पाठ वाकवून दिवसभर फुंकणी तोंडात. साधना बालवाडीत होती तेव्हापासून तो तिथंच आहे. सराफांची दुकानं मोठमोठी, काचा, एसी, पण सोनं घडतं ते त्याच्या हातानं. मंगळसूत्र वाढलं (तुटलं म्हणू नये, साधनालाही मी तेच शिकवलंय) की जालन्याची बाई सराफाकडं जातच न्हाई, सरळ बंगाल्याकडं येते.

शनिवारी सकाळी पथक आलं. बांगलादेशी असल्याची तक्रार आहे म्हणे. त्यानं आधार काढून दाखवलं, रेशनकार्ड दाखवलं. 'हे कुठंबी बनून मिळतं,' म्हणाले. दुकानाला कुलूप लावून चावी त्यानं कनवटीला खोचली आणि तसाच गाडीत बसला. गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात ठेवलंय, स्टील कारखान्यातली आणखी दोन पोरंही आहेत बंगालचीच. त्याच्या गावाकडून खात्री पटली तर सोडणार, न्हाई तर सीमेवर. त्याची बायको कडेवर पोरगी घेऊन माझ्या मशीनपाशी येऊन बसली. रडत न्हवती. नुसती सुईकडं बघून राह्यल्ती.

मंग आम्ही चौघी-पाचजणी रिक्षा करून गेलो. पुढं उषाबाई. सत्तरी उलटली तरी आपल्या गल्लीचा तोंडाचा पट्टा त्यांच्याच ताब्यात. गेटवरच्या शिपायानं विचारलं, कोणाला भेटायचंय? उषाबाई म्हणाल्या, आमच्या बंगाल्याला. तो म्हणाला, आत सगळे बंगालीच आहेत, नाव सांगा.

आणि आम्हाला नाव ठाऊक न्हवतं हो. एकीलाही न्हाई. मोबाईलमध्ये 'बंगाली', दुकानाच्या पाटीवर 'बंगाली कारागीर', हाक मारायची तर 'ओ बंगाली'. माझ्या लेकीचे कान त्यानं टोचले, अन् मी गेटवर तोंड उघडून उभी. त्या शिपायालाही आमचीच कीव आली असंल. तशाच परत आलो.

घरी येऊन त्याच्या बायकोला विचारलं. रफिकुल. तिचं मोमेना. मी मोमेनाला जेवायला वाढलं आणि मला काही खाता आलं न्हाई.

माझ्या गळ्यात सध्या पिवळ्या दोऱ्यात हळकुंड आहे. मंगळसूत्र वाढलंय, जोडायला त्याच्याकडं दिल्तं. आता ते त्याच्या तिजोरीत अडकलं.

मीना


बुधवार, १६ जुलै

तुम्ही पत्र वाचलं का न्हाई मला ठाऊक न्हाई. तरी लिहिते, कारण जे बघून राह्यले ते कोणाला तरी सांगितल्याबिगर झोप यायची न्हाई, आणि इथं ज्याला सांगावं तो प्रत्येकजण त्यातच आहे.

एकोणीस वर्षं जालन्यात काढली. धावड्याहून आले तेव्हा वाटायचं, ह्या गावाला बाजारभाव सोडून दुसरं काही कळत न्हाई. खरं सांगते, मी ह्या गावाला ओळखलंच न्हवतं.

झालं असं की त्याच्या तिजोरीत मंगळसूत्र अडकलेल्या आम्ही दहा-अकराजणी. सगळ्यांच्या गळ्यात हळकुंड. सोमवारी संध्याकाळी ओट्यावर बसलो, तर मोमेना म्हणाली, स्टील कारखान्याकडच्या बंगाली बाया घराबाहेर निघंनात. पोरं शाळेत न्हाईत, घरात भाजी न्हाई, नवरे कामावर न्हाईत. दारावर थाप पडली की लेकरांच्या तोंडावर हात ठेवतात.

मंग उषाबाईंनी काय केलं, स्वतःच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढलं. पन्नास वर्षांचं. बाळंतपणात काढलं न्हाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डॉक्टरशी भांडून काढलं न्हाई. ते काढून डब्यात ठेवलं आणि साधनाला म्हणाल्या, हळकुंड आण गं घरातून. त्यांचे मालक साहेबराव शेजारीच पेपर वाचत बसल्ते. चष्मा वर करून म्हणाले, 'मी हाय ना अजून?' उषाबाई म्हणाल्या, 'हाय की. म्हणून तर हळकुंड बांधून राह्यले. नसता तर तेबी बांधता आलं नसतं.'

साहेबराव पुन्हा पेपरात. पण मी बघितलं, त्यांनी पेपर उलटा धरल्ता.

काल सकाळी त्या कार्यालयासमोर आम्ही वीस होतो. दुपारी मोजायचं सोडलं. सदर बाजारातल्या, नव्या जालन्यातल्या, एक तर भोकरदनहून बस धरून आल्ती, तिच्या सुनेची डोरली रफिकुलनं केल्ती म्हणून. प्रत्येकीच्या गळ्यात हळकुंड. शिपायाला आम्ही काही केलं न्हाई, घोषणा न्हाई, फलक न्हाई. नुसतं बसलो. कोणी वाती वळत होती, कोणी मेथी निवडत होती. मी चार ब्लाउजांना हुक लावले.

आणि बाकीचं गाव बघा. रिक्षा स्टँडवाल्यांनी आपसात ठरवलं, कारखान्याकडच्या लेकरांना शाळेत न्यायचं आणि घरी सोडायचं, एका रिक्षात एक बाई आमच्यातली. शाळेतल्या बाई फाटकापाशी उभ्या राहून एकेका लेकराचा हात धरून आत नेतात. भाजीवाल्या मामी माळवं सरळ दाराशी टाकतात आणि बाहेरून स्वतःचं नाव ओरडतात, म्हणजे आतल्या घाबरत न्हाईत. मिलसमोरच्या खानावळीतून आत त्या तिघांना डबा जातो. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून पुजाऱ्यानं सांगितलं, की वॉर्डात कोणी साध्या कपड्यात येऊन कागद मागितले तर आधी आजूबाजूच्यांना हाक मारा, एकट्यानं दार उघडू नका. एक वकीलीणबाई येऊन ओट्यावर बसून काय विचारायचं, कशावर सही करायची न्हाई, ते घोटून घेऊन गेली. देवळाच्या भोंग्यावर मी आजवर हरवलेल्या म्हशीशिवाय काही ऐकलं न्हवतं.

सगळेच असे न्हाईत, तेही सांगते. 'पुळका आलाय बायांना' म्हणून जाणारेही आहेत. ज्या सराफांच्या काचेतलं निम्मं सोनं त्याच्या हातचं, त्यांच्यातले दोघं तर शटर खाली ओढून बसले. माझ्या भावजयीनं फोन करून सुनावलं की नवऱ्याचा पत्ता न्हाई अन् परक्या माणसासाठी रस्त्यावर बसलीस. फोन ठेवला आणि पुन्हा जाऊन बसले.

पण रिक्षात बसलेल्या त्या लेकरांकडं बघितलं की माझ्या अंगावर काटा येतो. भीतीचा न्हाई. एवढं मोठं काहीतरी आपल्याच गल्लीत पडून होतं आणि कोणाला ठाऊक न्हवतं, त्याचा.


शुक्रवार, १८ जुलै

काल बस आली.

सकाळीच आल्ती, जाळीच्या खिडक्यांची. रफिकुलच्या गावाकडून अजून काही कळलं न्हवतं. तिथल्या पंचायतीचा प्रधान बाहेरगावी, नदीला पाणी, फोन लागंना. वकीलीणबाई म्हणाली, एकदा का ह्या जिल्ह्यातून बाहेर नेलं की शोधत बसावं लागंल. एक दिवस पाहिजे, कसाबी. मोमेनानं ते ऐकलं आणि पहिल्यांदा माझा हात धरला.

पथकाचे साहेब तरुण होते. वाईट माणूस न्हाई. आमच्यासमोर येऊन म्हणाले, ताई, बाजूला व्हा, गाडी काढू द्या.

उषाबाई उठल्या न्हाईत. बसूनच म्हणाल्या, 'साहेब, तुम्ही खुशाल न्या. पण आमचं सौभाग्य त्याच्या तिजोरीत हाय. ते आमच्या हातात ठेवा आणि मंग न्या. आम्ही काय म्हणून हळकुंडावर दिवस काढायचे?'

साहेबांना ते पटलं. पटणारच. कोणत्या माणसाला न पटंल? रफिकुलला दोन शिपायांमध्ये धरून सराफ्यात आणलं, तिजोरी उघडली, पंच बसवले. एका ताटात सगळी मंगळसूत्रं काढून ठेवली, प्रत्येकाला चिठ्ठी, पण चिठ्ठीवर बंगालीत लिहिलेलं. साहेब म्हणाले, एकेकीनं यायचं, आपलं ओळखायचं, सही करून घेऊन जायचं. तासाभराचं काम.

पहिली गेली. ताटात बघितलं. म्हणाली, 'यात माझं दिसंना.'

दुसरी गेली. हातात घेऊन उलटं-पालटं केलं. 'माझ्या वाट्या जाड होत्या.'

तिसरी म्हणाली, हे माझ्या जावेचं असंल, जाऊ मेहकरला आहे, तिला बोलवावं लागंल.

अहो, अंधारात नुसत्या बोटानं चाचपून आपलं मंगळसूत्र ओळखतो आम्ही. आणि एकेक बाई दिवसाढवळ्या ताटात बघून मान हलवून राह्यल्ती. कोणी कोणाला शिकवलं न्हवतं. उषाबाईंनी फक्त पहिलीला जाताना म्हटलं होतं, सावकाश बघ गं, घाई न्हाई.

मंग ज्यांचं तिथं काही न्हवतंच, घरात डब्यात होतं, त्यांची रांग लागली. साहेब म्हणाले, ताटात अकरा आहेत, तुम्ही बाया शंभर. उषाबाई म्हणाल्या, 'तेच तर. मंग बाकीची कुठं गेली? हिशेब लागल्याबिगर त्याला जिल्ह्याबाहेर कसा नेता?' वकीलीणबाई भिंतीकडं तोंड करून उभी होती, खांदे हलून राह्यल्ते. हसू आवरत होती का काय. उषाबाईंनी वर हेही म्हटलं की आमचा त्याच्यावर आळ न्हाई, आम्हाला फक्त तो समोर बसून पाहिजे. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. ते हसले का, मला सांगता येत न्हाई. पण पंचांना म्हणाले, लिहा, ओळख पटली न्हाई, उद्या पुन्हा.

माझी पाळी त्याच्या आधीच झाल्ती.

आता एक सांगते. सोमवारी मी तुम्हाला खोटं लिहिलं. माझं मंगळसूत्र वाढलं न्हवतं. मी ते आटवायला दिल्तं. साधनाच्या कानातलं करायचं म्हणून. तुम्ही 'थांबू नको' म्हणालात, मी दोन वर्षं थांबले, आणि भारतभाऊंच्या बायकोनं ते सगळं सांगितलं त्याच दिवशी गळ्यातून काढून रफिकुलसमोर ठेवलं. त्यानं वजन केलं न्हाई. म्हणाला, दीदी, दोन-चार दिन रुको, भट्टी ठीक नहीं है. भट्टी बराबर होती. मला दिसत होती पेटलेली.

ते ताटात होतं. अख्खं. माझ्या आईच्या वाटीला तो बारीक पोचा आहे, तो मला दारातूनच दिसला. रफिकुल दोन शिपायांमध्ये बसल्ता, त्यानं वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. ते माझं न्हाई म्हणणं सगळ्यात सोपं मलाच जायला पाहिजे होतं. मी तर ते टाकलेलंच होतं ना?

साहेब म्हणाले, यात तुमचं आहे का?

मंग मी म्हटलं, हे माझं न्हाई. म्हटलं आणि अशी रडले, अशी रडले की पंचांनी उठून मला खुर्ची दिली. साहेबांना वाटलं, बाईचं सोनं हरवलं.

बस सहाला निघून गेली. रफिकुल आणि ती दोन पोरं न घेता. तिघांचाही तपास एकत्रच होता म्हणून एकामुळं तिघं राह्यले. आम्ही बसकडं बघत उभ्या होतो, कोणी टाळी वाजवली न्हाई. मोमेना रस्त्यातच खाली बसली आणि पोरीला पाजायला घेतलं.

आज दुपारी त्याच्या गावचा फोन लागला.


बुधवार, २३ जुलै

सुटले. तिघंही. प्रधानानं व्हिडीओवर येऊन खात्री दिली, शाळेच्या जुन्या मास्तरनं रफिकुलला बघून त्याच्या बापाचं नाव सांगितलं, इथल्या वकीलीणबाईनं पाठपुरावा केला आणि सोमवारी सकाळी सोडलं. साहेबांनी जाताना उषाबाईंना विचारलं म्हणे, 'मावशी, आता तरी ओळख पटंल का?' उषाबाई म्हणाल्या, 'चष्मा घरी विसरल्ते बघा त्या दिवशी.'

रफिकुल आधी घरी गेला न्हाई. दुकान उघडलं, झाडलं, आणि बसला. दहाच्या आत रांग. एकेकीला दारात बघून तो ताटाकडं न बघता हात घालून तिचं काढून देत होता. आणि प्रत्येक बाई त्याला नावानं हाक मारत होती. रफिकुलभाऊ, माझं द्या. रफिकुलभाऊ, चहा घेता का. काहीजणींचं चुकत होतं, रफिउल, रफिक, पण म्हणत होत्या. तो मान वर करंना. मला वाटलं भट्टीचा धूर गेला डोळ्यात.

सगळ्या गेल्यावर मला म्हणाला, दीदी, गलाना है क्या?

मी म्हटलं, राहू द्या.

त्यानं कागदात गुंडाळून दिलं. मंग आपणहून बोलला. एवढा कधी बोलत न्हाई. म्हणाला, पहिले तीन दिवस आत जेवण गेलं न्हाई. वाटायचं, आपल्याला इथून काढलं तर कोणाच्या लक्षातही यायचं न्हाई, दुसरा कारागीर येईल, पाटी तीच राहील. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून बायांचा आवाज आला, मेथी निवडता निवडता भांडत होत्या, कोणाची जुडी कोवळी म्हणून. तेव्हा भूक लागली म्हणे.




रविवार, ३ ऑगस्ट

भारतभाऊंचा फोन आल्ता. म्हणाले, पत्रं दाखवली, सगळी वाचली, आणि शेवटी एवढंच विचारलं, 'कारागीर सुटला का?' तेव्हा शेवटचं पत्र तुमच्यापर्यंत पोचलं न्हवतं. आता पोचलं असंल. सुटला.

दोन वर्षं मी इथं सगळ्यांना सांगितलं की तुम्ही कामात आहात, फोन येतो, बराबर चाललंय. काल ओट्यावर खरं सांगितलं. पासपोर्ट न्हाई, व्हिसा न्हाई, लपून राहतात, मला सोडायला सांगितलं, सगळं. वाटलं, आता माना खाली घालतील, न्हाई तर कीव करतील. कोणी 'अगंबाई' म्हणालं न्हाई. उषाबाईंनी विचारलं, 'तिथं गेट कुठं हाय?'

मला समजलं न्हाई. त्या म्हणाल्या, 'अगं, त्याला धरला तर कुठं ठेवतील? कोणत्या गेटापुढं बसायचं?'

आणि सगळ्या माझ्याकडं बघून राह्यल्या, मी पत्ता सांगीन म्हणून. रफिकुल दुकानातून उठून दारात येऊन उभा होता, त्याला वाटलं त्यालाही काही विचारतील. एवढ्या बायका बसायला तयार, आणि मला गेट सांगता येईना. एवढं गाव आहे हो माझ्यामागं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचत न्हाई. ह्याचंच मला सगळ्यात जास्त रडू आलं.

म्हणून तुम्हीच बाहेर या. वकीलीणबाईनं सांगितलंय, आपल्या देशाचं कार्यालय तिथं आहे, पासपोर्ट मालकाकडं अडकला तरी घरी यायला वेगळा कागद देतात. एकट्यानं जाऊ नका. भारतभाऊ रजा टाकून संगं यायला तयार आहेत, मी त्यांना विचारलंय. तिथं काय विचारतील, कशावर सही करायची न्हाई, ते तिनं सांगितलेलं साधनानं दुसऱ्या कागदावर लिहिलंय, तेही पाठवते.

घाबरायचं कारण न्हाई असं मी म्हणत न्हाई. रफिकुलही घाबरला होता. पण तो कसा वागला, बरा का वाईट, ते त्या गेटापुढं बसलेल्या एकीनंही विचारलं न्हवतं. मीही तुमच्याबद्दल आता विचारत न्हाई. ते नंतर, समोरासमोर, आणि मी सोडणार न्हाई, ध्यानात ठेवा.

कोणत्या गाडीनं येता ते भारतभाऊंकडं कळवा. घरात घेईन का, ते आत्ता सांगत न्हाई. पण स्टेशनावर येईन.

मीना